आता पाळी कोणाची?

पाटाच्या पाण्याला पाळी असते. आज वरच्या शेताची, उद्या खालच्या शेताची. पाटकरी येतो, दार उघडतो, वेळ झाली की बंद करतो. कोणाची पाळी कधी, ते कागदावर लिहिलेले असते. एवढे असूनही पाण्यावरून भांडणे व्हायची ती होतातच.

बोलण्यालाही अशीच पाळी असते. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. मग दुसरा बोलतो आणि पहिला ऐकतो. पण इथे पाटकरी नाही, कागद नाही, घड्याळ नाही. संध्याकाळी पारावर चार माणसे बसतात. पाऊस, बाजारभाव, कोणाच्या मुलीचे लग्न, असे विषयामागून विषय निघतात. "आता तू बोल, आता तुझे पुरे," असे कोणी म्हणत नाही. तरी तासभर गप्पा चालतात आणि सहसा कोणी कोणाच्या बोलण्यावर आदळत नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? एकाचे संपले की दुसरा सुरू करतो. बरोबर आहे. पण संपले, हे दुसऱ्याला कळते कसे? पुस्तकात वाक्य संपले की पूर्णविराम येतो. तुम्ही वाचायला शिकलात, तेव्हा ती उभी नाही तर टिंबाची खूण तुमच्या ओळखीची झाली. स्वल्पविराम म्हणजे थोडे थांबा, हेही तुम्हाला ठाऊक आहे. पण पारावर बसलेल्या आबांच्या तोंडून काही टिंब पडत नाही. मग बोलण्यातला पूर्णविराम असतो तरी कुठे? तो आपण शोधून पाहू.

पापणी लवते तेवढा वेळ

एकाचे बोलणे संपल्यावर दुसरा बोलू लागेपर्यंत मध्ये किती वेळ जातो? काही अभ्यासकांनी हे मोजले. त्यांचे काम २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी जगातल्या दहा भाषा घेतल्या. इंग्रजी, इटालियन, डच, डॅनिश, जपानी, कोरियन या होत्याच. शिवाय लाओस देशाची लाओ भाषा होती. मेक्सिकोच्या डोंगरातल्या खेड्यांत बोलली जाणारी एक भाषा होती. पापुआ न्यू गिनी देशातल्या एका बेटावरची होती. आणि आफ्रिकेत नामिबिया देशात, शिकारीवर आणि रानातल्या कंदमुळांवर जगत आलेल्या लोकांचीही एक होती. मराठी त्या दहांत नव्हती.

त्यांनी घरगुती गप्पांची चित्रफीत घेतली. कोणी "हो का नाही" असा प्रश्न विचारला, की उत्तर यायला किती वेळ लागतो ते यंत्रावर मोजले. सगळ्यांची सरासरी काढली. ती निघाली सेकंदाचा सुमारे पाचवा भाग. पापणी लवायला लागतो साधारण तेवढा वेळ! जपानी लोक सगळ्यांत झटपट. त्यांच्यात मध्ये जवळजवळ वेळच जात नाही. डॅनिश लोक सगळ्यांत सावकाश. पण त्यांनाही अर्ध्या सेकंदाहून थोडे कमीच लागते. देश वेगळे, भाषा वेगळ्या, खाणेपिणे वेगळे, पण हा हिशेब सगळीकडे जवळपास सारखा.

आता यात एक कोडे आहे. माणसाला आंब्याचे चित्र दाखवले आणि "हे काय आहे, सांग" म्हटले, तर "आंबा" हा एक शब्द तोंडातून निघायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जातो. डोक्यात शब्द सापडायचा, मग जिभेवर यायचा, त्याला तेवढा वेळ लागतोच. मग गप्पांमध्ये आपण पाचव्या भागात उत्तर कसे देतो?

याचा अर्थ एकच. समोरचा बोलत असतानाच आपण आपले बोलणे जुळवायला लागतो. लोहाराच्या ऐरणीवर दोघे घण मारताना तुम्ही पाहिले असतील. एकाचा घण पडला, आता मी माझा उचलतो, असे दुसरा करत नाही. पहिल्याचा खाली येत असतो, तेव्हाच दुसऱ्याचा वर गेलेला असतो. म्हणून घणावर घण आपटत नाही आणि लोखंडही थंड होत नाही. पण त्यासाठी पहिल्याचा घण केव्हा पडणार, हे दुसऱ्याला आधीच कळावे लागते. बोलण्याचेही तसेच. शेवट येणार आहे, हे शेवट येण्याआधी कळले पाहिजे.

ते दोन वाटांनी कळते. एक शब्दांची वाट. दुसरी सुराची.

शब्द काय सांगतात

"मी उद्या बाजाराला…" असे म्हणून कोणी थांबला, तर तुम्ही लगेच बोलायला लागत नाही. त्याचे क्रियापद यायचे आहे. जाणार की नाही जाणार, की गेलो असतो पण, ते कळायचे आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी बसते. आणि "नाही" तर कित्येकदा त्याच्याही मागून येते. "मी त्याचे पैसे बुडवणार…" इथवर ऐकून कोणी अंगावर धावून गेला आणि मागून "नाही" आले, तर पंचाईत! म्हणून मराठी माणसाला शेवटपर्यंत कान द्यावा लागतो.

इंग्रजीत क्रियापद बरेच आधी येऊन जाते. मग तुम्हाला वाटेल, क्रियापद शेवटी ठेवणारे लोक उत्तर उशिरा देत असतील. तसे नाही. जपानीतही क्रियापद शेवटीच येते, आणि जपानी तर सगळ्यांत झटपट, हे आपण वर पाहिलेच.

काही शब्द दार अडवून धरतात. आणि, पण, म्हणजे, कारण, तर. यांच्यावर थांबलेला माणूस थांबलेला नसतोच. त्याने फक्त श्वास घेतलेला असतो. काही जण या शब्दांत फार हुशार असतात. वाक्य संपत आले की लगेच "आणिऽऽ" असा लांब धागा काढतात. पुढे काय बोलायचे ते त्यांना अजून सुचलेले नसते. पण पाळी मात्र सोडायची नसते. असा एखादा गावोगाव असतो.

सूर काय सांगतो

शब्द तेच ठेवून फक्त सूर बदलला तर काय होते, ते करून बघा. मोठ्याने म्हणा, म्हणजे कळेल.

"पाऊस आला." आवाज शेवटी खाली आणून ठेवा. ही झाली बातमी. ऐकणारा म्हणेल, "बरं झालं बाबा."

"पाऊस आला?" आता आवाज शेवटी वर न्या. हा झाला प्रश्न. ऐकणारा म्हणेल, "कुठला येतोय!"

"पाऊस आला…" आता आवाज ना खाली ना वर, तसाच टांगून ठेवा. ऐकणारा काही बोलणार नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. पाऊस आला, आणि काय झाले? कोणाचे छप्पर उडाले, कोणाचा कडबा भिजला? तुम्ही पुढे सांगणार, असे त्याने धरले आहे.

दोनच शब्द. एकदा सुराने बातमी दिली, एकदा उत्तर मागितले, आणि एकदा "थांब, मी अजून बोलतो आहे" असे बजावले. पुस्तकातली टिंबे आणि चिन्हे म्हणजे या सुरांच्याच खुणा. आवाज कागदावर उतरत नाही, म्हणून त्याच्या जागी चिन्ह काढायचे.

आता बाजारातून आलेल्या वहिनींचे ऐका. "मीठ घेतलं, तेल घेतलं, गूळ घेतला, पोरांना पाट्या घेतल्या." पहिल्या तिन्ही ठिकाणी आवाज थोडा वर अडकवलेला असतो. म्हणजे यादी चालू आहे. "पाट्या घेतल्या" म्हणताना तो खाली येतो. शेवटचा शब्द किंचित लांबतो आणि सैल पडतो. गाडी गावात शिरताना बैलांची चाल जशी मंदावते तसा. मग घरातले विचारतात, "किती झाले?" समजा वहिनींचा आवाज "गूळ घेतला" इथेच खाली आला असता. "किती झाले?" तिथेच आले असते, आणि पाट्या सांगायच्या राहून गेल्या असत्या.

पोवाड्यात हे फार छान दिसते. शाहीर एकटा गात असतो. मागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ कुठल्या सुरावर आणून सोडली की आपण "जी जी" म्हणून उचलायची, हे त्यांच्या कानात बसलेले असते. शाहीर मागे वळून खूण करत नाही. कीर्तनातही बुवांचा आवाज ठराविक जागी आला की टाळकरी अभंग उचलतात. गाण्यात हे बसवून घेतलेले असते. बोलण्यात कोणी बसवत नाही.

ते येते कुठून मग? आई मांडीवरच्या तीन-चार महिन्यांच्या बाळाशी बोलते, ते पाहा. "काय रे, भूक लागली?" असे म्हणून ती थांबते. बाळ "आंगूं" करते. "हो का? आणि अजून काय?" पुन्हा थांबते. पुन्हा "आंगूं". बाळाला शब्द एकही येत नाही. पण आईचा सूर वर जाऊन थांबला की आपण काहीतरी करायचे, एवढे त्याला कळायला लागलेले असते.

आणखी एक आवाज आहे. तो पाळी घेत नाही, उलट देतो. "हं." आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवंडांनी हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की आजी म्हणते, "झोपलास वाटतं." मोठ्या माणसांचेही तसेच चालते. फोनवर तुम्ही नुसते ऐकत राहा, मधे "हं" म्हणू नका. थोड्याच वेळात पलीकडून येईल, "हॅलो, ऐकतोयस ना?" छोटा, सपाट "हं" म्हणजे चालू दे. वर गेलेला "हं?" म्हणजे काय म्हणालास? आणि लांबवून खाली सोडलेला "हंऽऽ" म्हणजे ऐकले, पण पटले असे धरू नकोस.

आता शब्द मोठे की सूर, हा वाद उरतो. युरोपात हॉलंडमध्ये त्यावर प्रयोग झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असा. डच भाषेतल्या गप्पा यंत्रावर घेतल्या. यंत्रानेच त्यातला चढउतार काढून टाकला. शब्द राहिले, पण सूर सपाट झाला. ऐकणाऱ्यांना सांगितले, बोलणे संपणार असे वाटले की बटण दाबा. त्यांनी ते जवळजवळ बरोबर दाबले! मग उलटे केले. शब्द कळेनासे केले, नुसता सूर ठेवला. भिंतीपलीकडे शेजारी बोलत असतात तेव्हा जसे ऐकू येते, तसे. आता मात्र लोक चुकायला लागले.

म्हणजे सुराला काही किंमत नाही? तसे म्हणायची घाई नको. २०१५ साली हॉलंडमधल्याच दुसऱ्या अभ्यासकांनी वेगळा प्रयोग छापला. त्यांनी असे प्रश्न घेतले की जे दोन ठिकाणी संपू शकतात. आपल्या भाषेत त्याचा नमुना असा. "तो आला होता का?" आणि "तो आला होता का काल बाजारात?" "का" इथवर दोन्हींचे शब्द एकच. तिथे संपले की नाही, हे शब्दांवरून कळायचे नाही. त्यांनी छोट्या प्रश्नाचा शेवटचा सूर कापून लांब प्रश्नाच्या मध्यात जोडला. ऐकणारे फसले. पुष्कळांनी मध्येच बटण दाबले.

आमच्या मते यावरून निकाल स्वच्छ लागतो. शब्द आपल्याला थांबे दाखवतात. गाडी त्यांतल्या कुठल्या थांब्यावर थांबणार, ते सूर सांगतो. थांबा एकच असेल तर सुरावाचून भागते. पण रोजच्या बोलण्यात थांबे पुष्कळ असतात.

सूर चुकीच्या जागी उतरला तर

मार्गारेट थॅचर या बाई १९७९ ते १९९० अशी अकरा वर्षे ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या. बोलण्यात कोणाला हार न जाणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती. पण त्यांच्या मुलाखती पाहणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. मुलाखत घेणारे त्यांना सारखे मध्येच तोडत. अशा बाईला कोण कशाला तोडील? जेफ्री बीटी, ॲन कटलर आणि मार्क पिअर्सन या तिघांनी याचा शोध घेतला आणि १९८२ साली तो छापला.

त्यांनी एका मुलाखतीचे लहान लहान तुकडे केले. काही तुकडे, जिथे बाईंचे बोलणे खरोखर संपले होते. काही, जिथे त्यांना अजून बोलायचे होते पण कोणी तोडले नव्हते. आणि काही, जिथे त्यांना तोडले होते. हे तुकडे इतर लोकांना दाखवले, ऐकवले आणि विचारले, इथे बोलणे संपले असे वाटते का? ज्या जागी बाईंना तोडले होते, तिथे पुष्कळांना ते संपल्यासारखेच वाटले. कारण त्या जागी बाईंचा आवाज झपकन खाली आला होता. मनात अजून दोन वाक्ये होती, पण सुराने पूर्णविराम देऊन टाकला होता. मुलाखत घेणाऱ्याला वाटे, आता माझी पाळी. बाईंना वाटे, हा उद्धट आहे.

बघा, दोघांचा हेतू वाईट नव्हता.

दुसरी हकिगत आपल्या लोकांची आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कामगारांसाठी जेवणघर होते. तिथे वाढायच्या कामावर भारत आणि पाकिस्तानातून आलेल्या काही बायका लागल्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. या बायका तुसड्या आहेत, नीट बोलत नाहीत, असे जेवणारे म्हणू लागले. बायकांचे म्हणणे, आम्ही परक्या म्हणून हे आमच्यावर डूख धरतात. प्रकरण चिघळले.

जॉन गम्पर्झ नावाच्या भाषेच्या अभ्यासकाने यात लक्ष घातले. (सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू या भाषा शेजारी राहून एकमेकींसारख्या कशा होत गेल्या, यावर १९७१ साली लेख लिहिणाऱ्या दोघांपैकी हे एक.) तिथले बोलणे यंत्रावर घेऊन ऐकले. त्यात सापडले काय, तर एक शब्द. ग्रेव्ही. म्हणजे मांसावर ओतायचा रस्सा. इंग्रज वाढपीण म्हणे "ग्रेव्ही?" आणि आवाज वर नेई. जेवणाऱ्याला ते "रस्सा हवा का?" असे ऐकू येई. आपली बाई म्हणे "ग्रेव्ही." आणि आवाज खाली आणी. जेवणाऱ्याला ते "हा रस्सा. घे नाहीतर जा," असे ऐकू येई. बाईच्या मनात तसे काहीच नव्हते. तिच्याकडे विचारायची रीतच ती होती. आपल्या पंगतीत वाढपी "भाजी, भाजी" म्हणत पुढे सरकतो. त्याला कोणी तुसडा म्हणत नाही.

आधी बायकांना दोन्हींत काही फरकच वाटेना. शब्द तर एकच आहे, त्या म्हणाल्या. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर फरक कानांत भरला. लोक आपल्याशी असे का वागत होते, याचा एक धागा त्यांच्या हाती आला. जेवणाऱ्यांच्या मनात आकस नव्हताच, असे आम्ही म्हणत नाही. तो कुठे कुठे असेलही. पण सुराने त्यात तेल ओतले, हे खरे.

फोनवरचा खोळंबा

मोबाईल आता घरोघर आहे. मुलगा पुण्याला असतो, नाहीतर दुबईला. बोलताना कधी कधी दोघे एकदमच बोलतात, मग दोघेही एकदम थांबतात, मग दोघेही "बोल, बोल" म्हणतात. हे का होते?

आवाज पोचायला वेळ लागतो म्हणून. काही फोन आकाशातल्या उपग्रहावरून जातात. असे पुष्कळ उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतात. आवाजाची लहर वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद जातो. उत्तर परत यायला आणखी पाव. आपला नेहमीचा मोबाईल मनोऱ्यांवरून आणि जमिनीतल्या तारांवरून चालतो. पण तिथेही आवाज यंत्रात भरताना, काढताना थोडा उशीर होतो. रेंज कमी असली किंवा चेहरा दाखवणारा फोन असला की तो वाढतो. पाव सेकंद म्हणजे काही फार नाही, असे वाटेल. पण आपला सगळा हिशेब पापणी लवण्याएवढ्या वेळाचा आहे. त्यात पाव सेकंदही मोठा होतो.

यातून गैरसमज होतात. "उद्या दोन माणसं कामाला पाठवशील का?" असे विचारले आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरली, तर आपण मनात म्हणतो, हा नाही म्हणणार. आणि ते समजणे अगदी वेडेपणाचे नाही. वर सांगितलेल्या दहा भाषांच्या मोजणीत बहुतेक ठिकाणी "हो" लवकर येते आणि "नाही" यायला जास्त वेळ लागतो, असे दिसले. पण फोनवरची शांतता तारेची असू शकते, मनातली नव्हे. जर्मनीत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना असा उशीर लावलेल्या फोनवर बोलायला लावले. उशीर यंत्राचा होता. पण पलीकडच्या माणसाचे आपल्याकडे लक्ष कमी आहे, असे मत लोकांनी दिले. मुलगा दुबईहून बोलताना "तुटक" वाटला, तर आधी रेंज बघावी.

पोलिसांच्या बिनतारी यंत्राची अडचण याहून मोठी. तिथे बटण दाबून एका वेळी एकच जण बोलू शकतो. सुरावर भरवसा ठेवून चालत नाही. म्हणून बोलणे संपले की "ओव्हर" असे तोंडाने सांगायचे.

सभेत आणि दवाखान्यात

पारावरच्या गप्पांत पाळी हुकली तर फार बिघडत नाही. पण ग्रामसभेत हुकली तर नळाची तोटी दुसऱ्या आळीत जाते.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांसाठी राखून ठेवायचा कायदा २०११ साली झाला. जागा मिळाली, पण जागा मिळणे वेगळे आणि पाळी मिळणे वेगळे. सभेत बोलायची सवय नसलेली बाई उठते, एक वाक्य बोलते आणि जमिनीकडे बघते. आवाज खाली येतो. मोठ्या आवाजाचे कोणीतरी लगेच दुसरा विषय काढतो. नंतर म्हणतो, "त्यांचं संपलं होतं की!" कधी त्याला खरेच तसे वाटलेले असते. कधी ते नुसते निमित्त असते. दोन्हींवर एक उपाय चालतो. आपल्याला किती बोलायचे आहे ते आधीच सांगून टाकायचे. "माझे दोन मुद्दे आहेत. एक नळाचा, एक अंगणवाडीचा." आता नळाचा मुद्दा संपल्यावर आवाज खाली आला तरी चालतो. दुसरा बाकी आहे, हे सगळ्या सभेने ऐकलेले असते. मधे कोणी उठलाच, तर सरपंच त्याला बसवू शकतात. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, असे कायद्यातच आहे. मुद्दे तिथे मोजून ठेवता येतात.

दवाखान्यात तर याहून जपायला हवे. अमेरिकेत हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या दोघांनी रोगी आणि डॉक्टर यांची ७४ बोलणी यंत्रावर घेऊन तपासली. ती १९८४ साली छापली. डॉक्टर विचारी, "काय होतंय?" रोगी सांगायला लागे. सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडून पुढचा प्रश्न विचारी. ७४ पैकी फक्त १७ जणांना आपले म्हणणे पुरते सांगता आले. असे का? रोग्याने पहिली तक्रार सांगितली की तो जरा थांबे. डॉक्टर तिलाच धरून विचारायला लागे. किती दिवस ताप आहे? थंडी वाजते का? रोगी उत्तरे देत राही. बाकीच्या तक्रारी पोटातच राहत. आणि पहिली तक्रार सगळ्यांत मोठी असते, असे काही नाही. पुष्कळांना मोठी गोष्ट आधी सांगायची लाज वाटते, नाहीतर भीती.

आपल्याकडे बाहेर रांग असते. डॉक्टरला वेळ कमी, रोग्याला संकोच जास्त. अशा वेळी वरचाच उपाय करावा. तक्रारी घरी मोजून जावे. आता लिहिता येते, तेव्हा चिठ्ठीवर लिहून न्याव्यात. आत गेल्यावर आकडा आधी सांगावा.

"डॉक्टरसाहेब, तीन गोष्टी सांगायच्यात."

"बोला."

"दोन दिवस ताप येतोय."

"थंडी वाजते?"

"वाजते थोडी. आणि गुडघा दुखतोय. आणि तिसरं राहिलं…"

"हं, तिसरं काय?"

"चढ चढताना छातीत भरून येतं. महिना झाला."